हॉल, नाइट आणि तरंगणारी माशी

आमच्या कऱ्हाडच्या घरात देवघरानंतर सगळ्यात जपलेली वस्तू म्हणजे बाबांचं 'हायर अल्जिब्रा'. हॉल अँड नाइट. ब्राउन पेपरचं कव्हर, आत पेन्सिलीच्या खुणा, आणि बायनॉमियल थिअरमच्या पानांवर चहाचा एक गोल डाग. तो डाग माझा आहे आणि त्याची शिक्षाही मी भोगलेली आहे. ज्यांनी जेईईची तयारी केली त्यांना या पुस्तकाची ओळख करून द्यायला नको. १८८७ साली इंग्लंडमध्ये छापलेलं पुस्तक कोट्यापासून लातूरपर्यंत अजून विकलं जातं, हे एक आश्चर्यच आहे. बाबा शाळेत गणित शिकवायचे आणि 'हॉल म्हणतो' असं अशा सुरात म्हणायचे, की मला लहानपणी हॉल हे आमच्या दूरच्या नात्यातले कुणी काका वाटायचे.

हा हॉल कोण होता, काय करायचा, हा प्रश्न अकरावी-बारावीत मला एकदाही पडला नाही. पुस्तक सुटलं तर पुरे, एवढीच तेव्हाची महत्त्वाकांक्षा. उत्तर मिळालं ते अनेक वर्षांनी, न विचारता, आणि तेही एका मासेमाराकडून.

कंपनीनं मला दीड वर्षासाठी साउथॅम्प्टनला पाठवलं होतं. तिथला हिवाळा ज्यांनी एकट्यानं काढलाय त्यांना माहीत आहे : दुपारी चारला अंधार, सहाला जेवण, आणि मग झोप येईपर्यंत फोन. फोनचा कंटाळा आला म्हणून मी जवळच्या गावातल्या हॉलमध्ये बुधवारी संध्याकाळी चालणाऱ्या एका वर्गात नाव घातलं. विषय होता, ट्राउट पकडण्यासाठी खोट्या माश्या बांधणं. वर्गात आम्ही सातजण, त्यातले सहा साठीच्या पुढचे. शिकवणारे गृहस्थ निवृत्त बसड्रायव्हर. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यासमोरच्या छोट्या वाईसमध्ये तांदळाच्या दाण्याएवढा गळ अडकवला आणि त्याच्या टोकाच्या नेढ्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे भोक दिसतंय ना? हे एका गणिताच्या मास्तरामुळे आलं. हॉल त्याचं नाव. शाळेची पुस्तकं लिहायचा."

मी टेबलाखाली फोन काढला. हेन्री सिंक्लेअर हॉल, १८४८ ते १९३४. ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजात गणिताचे शिक्षक. तोच. आमचा हॉल.

त्या रात्री मी बाबांना मेसेज केला : 'तुमचा हॉल मासे धरायचा.' भारतात पहाटेचे तीन वाजले होते. उत्तर लगेच आलं : 'नाइट पण?'

नाइटचं मला माहीत नाही. हॉलची गोष्ट मात्र पुढे बरीच लांब गेली.

*

आधी थोडा खुलासा. ही माशी गुळावर बसणारी नव्हे. गळाभोवती दोरा, पीस, लोकर, केस गुंडाळून केलेला हा कीटकाचा पुतळा. आपल्याकडे गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात. इथे खाण्यासारखं काहीच नसतं, फक्त खाण्यासारखं दिसतं. मासा फसतो तो डोळ्यांनी.

ही युक्ती फार जुनी आहे. इसवी सन २०० च्या आसपासचा रोमन लेखक ईलियन लिहून ठेवतो, की मॅसिडोनियातल्या एका नदीवरचे लोक गळाला लाल लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसं त्याला लावतात. १४९६ साली छापलेल्या एका इंग्रजी पुस्तिकेत बारा माश्यांच्या कृती आहेत, अगदी पाककृतीसारख्या. आयझॅक वॉल्टनचं 'द कंप्लीट अँगलर' १६५३ चं. वॉल्टनची कबर विंचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये आहे आणि तिथून काही मिनिटं चाललं की इचेन नदी लागते.

या सगळ्या माश्या भिजून बुडायच्या. त्यात काही गैर नव्हतं. डोंगराळ भागातल्या खळाळत्या नद्यांमध्ये ओली माशी प्रवाहासोबत सोडायची, दोरीला हिसका बसला की ओढायचं. मासाही घाईत असतो, विचार करायला त्याला वेळ नसतो.

पण हॅम्पशायरच्या नद्या वेगळ्या आहेत. इथली जमीन चॉकची, म्हणजे खडूच्या दगडाची. पाऊस या दगडात मुरतो आणि महिन्यांनंतर झऱ्यातून गाळून बाहेर येतो. त्यामुळे टेस्ट आणि इचेन या नद्यांचं पाणी काचेसारखं स्वच्छ, वर्षभर साधारण दहा-अकरा अंशांचं, आणि संथ. पुलावर उभं राहिलं की तळाचा खडा न् खडा दिसतो, हिरव्या शेवाळाच्या लांब बटा हलताना दिसतात, आणि त्यांच्यामध्ये स्थिर उभा असलेला ट्राउट दिसतो. अडचण एवढीच, की त्यालाही तुम्ही दिसता.

या पाण्यात मेफ्लाय नावाच्या कीटकांचं राज्य असतं. त्यांचं आयुष्य विलक्षण आहे. अंड्यातून निघालेलं पिल्लू महिनोन् महिने तळाशी राहतं. त्याला निम्फ म्हणतात. मग एक दिवस ते वर येतं, पृष्ठभागावर कातडी फाटते, आतून पंखवाला कीटक निघतो आणि पंख वाळेपर्यंत पाण्यावर बसून छोट्या शिडाच्या होडीसारखा वाहत जातो. उडाल्यावर तो पुन्हा एकदा कात टाकतो. पंख फुटल्यावर कात टाकणारा कीटकांचा हा एकमेव गण. मोठेपणी त्याला खायला कामाचं तोंडच नसतं. जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, मरायचं. सगळं एक-दोन दिवसांत.

त्या होडीच्या वेळेत ट्राउट खालून अलगद वर येतो, कीटक ओठांनी टिपतो आणि पाण्यावर एक वर्तुळ सोडून जातो. ते वर्तुळ पाहिलेल्या माणसाला बुडणारी माशी नको असते. त्याला तरंगणारी हवी असते. कोरडी. ड्राय फ्लाय.

*

डेव्हनमधल्या ॲक्समिन्स्टरच्या जॉर्ज पुलमनच्या पुस्तकाच्या १८५१ च्या आवृत्तीत ही कल्पना स्पष्ट सापडते : भिजलेली माशी काढा, कोरडी लावा, ती माशाच्या डोक्यावरून तरंगत जाऊ द्या. कल्पना सोपी, अंमलबजावणी कठीण. आणि इथे आमचे हॉलसर येतात.

तोपर्यंतच्या बारीक गळांना नेढं नसायचं. गळाच्या सपाट दांडीवर 'गट'चा तुकडा दोऱ्यानं कायमचा बांधून टाकायचे आणि त्यावर माशी बांधायचे. गट म्हणजे रेशमाच्या अळीची ग्रंथी. अळी व्हिनेगरमध्ये भिजवायची, आतली रेशमाची ग्रंथी काढायची आणि हातानं ताणून तिचा एक पारदर्शक तंतू करायचा. स्पेनमधल्या मुर्सियात हा धंदा जोरात होता. नायलॉन यायला अजून बराच वेळ होता.

आता कोरडी माशी कोरडी कशी ठेवायची? दोर पाण्यावर न टाकता हवेतच मागेपुढे झुलवायचा, म्हणजे पाण्याचे थेंब झटकले जातात. याला फॉल्स कास्ट म्हणतात. पण प्रत्येक झटक्याला गट गळाच्या तोंडाशीच वाकायचा, आणि तिथेच झिजून तुटायचा. गट तुटला की माशी गेली, कारण दोन्ही एकाच बांधणीत. मोठा गळ वापरावा तर बुडतो, बारीक वापरावा तर टिकत नाही.

हॉलनी जॉर्ज बँकार्ट या मित्रासोबत १८७९ च्या सुमारास यावर उत्तर काढलं : अगदी लहान, हलक्या तारेचा, नेढं असलेला गळ. नेढ्याचे गळ त्याआधीही होते, पण जाड आणि बेढब. एवढ्या बारीक गळाला सुबक नेढं असणं ही नवी गोष्ट होती. आता गट झिजला तर तेवढा कापून पुन्हा गाठ मारायची. समोरचा मासा एका माशीला बधत नसेल तर अर्ध्या मिनिटात दुसरी लावायची.

आमच्या धंद्यात याला डीकपलिंग म्हणतात. एकमेकांत गुंतलेले दोन भाग सोडवायचे, म्हणजे एक बिघडला तर दुसरा फेकावा लागत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला हे समजावायला सीनियरनं पाऊण तास आणि एक व्हाइटबोर्ड खर्च केला होता. हॉलनी ते एका भोकात केलं.

१८८५ साली हॉल आणि नाइटचं शाळेसाठीचं 'एलिमेंटरी अल्जिब्रा' आलं. त्याच वर्षी बॅडमिंटन लायब्ररी या क्रीडा-ग्रंथमालेतला मासेमारीवरचा खंड आला आणि त्यात कोरड्या माशीवरचा भाग हॉलनी लिहिलेला होता. एकच माणूस, एकच वर्ष.

*

हॉलनी हार्डवेअर दिलं असं म्हटलं, तर डॉक्युमेंटेशन लिहिलं फ्रेडरिक हॅलफर्डनं. जन्म १८४४. कपड्यांच्या धंद्यात श्रीमंत झालेलं ज्यू कुटुंब. मूळ आडनाव हायम; १८७५ साली ते बदलून हॅलफर्ड झालं. त्याच्या डोक्यात मासेमारीचं वेड होतं आणि कारखानदाराच्या घरात येते ती शिस्तही होती.

१८७९ साली विंचेस्टरमध्ये जॉन हॅमंड यांच्या गळ-काठ्यांच्या दुकानात त्याची जॉर्ज सेल्विन मॅरियटशी गाठ पडली. मॅरियट हा त्या काळातला सर्वांत हुशार मासेमार समजला जायचा, पण लिहिण्याचा त्याला कंटाळा. पुढची काही वर्षं दोघांनी टेस्टच्या काठावर काढली. जाळीनं कीटक धरायचे, बाटलीत ठेवायचे, कात टाकताना पाहायचे, रंग जुळवायचे, पकडलेल्या माशांची पोटं चिरून आत काय आहे ते बघायचं. १८८६ साली हॅलफर्डचं 'फ्लोटिंग फ्लाइज अँड हाऊ टू ड्रेस देम' आलं. नव्वद माश्यांच्या कृती, हातानं रंगवलेली चित्रं. मॅरियटनं सहलेखक म्हणून नाव द्यायला नकार दिला. तो १८९६ साली गेला आणि त्याचं निम्मं कर्तृत्व दुसऱ्याच्या पुस्तकात राहिलं. टीममध्ये असा एक माणूस असतोच, सगळ्यांना मदत करणारा आणि कमिट हिस्टरीत कुठेच न दिसणारा.

हॅलफर्डची पद्धत नेटकी होती. काठावर थांबा. वर येणारा मासा दिसेपर्यंत दोर टाकू नका. तो कुठला कीटक खातोय ते ओळखा. त्या कीटकाची हुबेहूब नक्कल लावा. प्रवाहाच्या वरच्या दिशेला, माशाच्या थोडं पुढे, ती अशी टाका की मोकळ्या कीटकासारखी वाहत येईल. दोरीचा जरासा ताण लागून माशी पाण्यावर रेघ ओढू लागली, की संपलं. याला ड्रॅग म्हणतात आणि माझे पहिले तीन महिने या एकाच शत्रूशी लढण्यात गेले.

पद्धत इतकी सुंदर होती की हळूहळू तिचा धर्म झाला. टेस्ट आणि इचेनच्या खासगी काठांवर (आणि हे काठ खासगीच होते, टेस्टवरच्या १८२२ साली स्थापन झालेल्या हाउटन क्लबचे सभासद मोजकेच) कोरडी माशी हा सभ्यपणाचा निकष झाला. मासा किती मिळाले याहून कसा मिळाला हे महत्त्वाचं. अनुयायी गुरूपेक्षा कडक निघाले. त्यांच्यासाठी 'प्युरिस्ट' हा शब्द रूढ झाला. हॅलफर्ड स्वतःही घट्ट होत गेला. १९१० साली त्यानं आपल्या माश्यांची यादी आटवून तेहतीसवर आणली, नर आणि मादी कीटकांच्या वेगवेगळ्या नकला करून, आणि एवढ्या पुरेशा आहेत असं जाहीर केलं.

त्याच १९१० साली एक लहानसं पुस्तक आलं. 'मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम'. लेखक जी. ई. एम. स्क्यूज.

*

स्क्यूज लंडनमधला वकील. जन्म १८५८, न्यूफाउंडलंडचा. १८८३ पासून विंचेस्टरच्या उत्तरेला ॲबट्स बार्टन इथे इचेनवर मासेमारी करायचा. सुरुवातीला तो हॅलफर्डचा भक्तच होता. पण त्याला एक गोष्ट खटकत राहिली. मासा पृष्ठभागाशी हालचाल करतो, वर्तुळ उठतं, पण वरून वाहणाऱ्या कीटकाला तोंड लावत नाही. कोरडी माशी त्याच्या नाकावरून दहा वेळा गेली तरी ढुंकून बघत नाही. आणि कधीतरी चुकून भिजून बुडालेली माशी मात्र पटकन घेतो.

मग त्यानं आमच्या पेशातला कुणीही करेल ते केलं. लॉग तपासले. हाडातला मगज काढायचा लांब, अरुंद चमचा असतो, तो मेलेल्या माशाच्या घशातून आत घालायचा, निघेल ते पांढऱ्या बशीत पाण्यात पसरायचं आणि मोजायचं. बशीत भरलेले असायचे निम्फ. पृष्ठभागाखाली, उमलण्याआधीच गिळलेले. ट्राउटचं बहुतेक जेवण पाण्याखालीच होतं. जे वर दिसतं ते ताटातली चटणी.

म्हणून स्क्यूज निम्फच्या नकला बांधू लागला. शिस्त तीच : दिसणारा मासा, प्रवाहाच्या वरच्या दिशेला, अचूक टाकलेला दोर. फरक फक्त दोन-चार इंचांचा. माशी वर की किंचित खाली.

त्या दोन-चार इंचांवरून सुरू झालेला वाद हॅलफर्ड १९१४ साली गेल्यानंतरही मिटला नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये यावर रीतसर वादसभा झाली. स्क्यूज तेव्हा ७९ वर्षांचा. विरोधात सर जोसेफ बॉल होते, एकेकाळी एमआय-फाइव्हमध्ये काम केलेले, पंतप्रधान चेंबरलेन यांच्या आतल्या गोटातले. हिटलर ऑस्ट्रिया गिळायच्या महिनाभर आधी लंडनमधली ही शहाणीसुरती माणसं पाण्याखालची माशी सभ्य की असभ्य यावर भांडत होती. हसू येतं. पण कोडमध्ये टॅब वापरावा की स्पेस यावर मी स्वतः एक आख्खा शुक्रवार भांडलेलो आहे, त्यामुळे जास्त हसत नाही.

त्याच वर्षी स्क्यूजनं ॲबट्स बार्टनचं पाणी सोडलं. तिथल्या सहकाऱ्यांना त्याची पद्धत नको होती. पन्नासहून अधिक वर्षं ज्या काठाचा एकेक कोपरा त्याला पाठ होता, तिथून तो उठला. बशीत पुरावा होता. पण पुरावा असणं आणि तो मान्य होणं यांत कधीकधी एक आयुष्य जातं. तो १९४९ साली, नव्वदीचा होऊन वारला.

*

हे सगळं वाचताना माझ्या बाजूनं एक अडचण होती. माझी सहानुभूती स्क्यूजकडे आणि हात हॅलफर्डकडे. मला कोरडी माशीच बांधायला आवडायची.

ती अशी बांधतात. सोळा नंबरचा गळ घ्यायचा. इथे नंबर वाढला की गळ लहान होतो. दांडीवर दोऱ्याचा पाया. शेपटीला पिसाचे चार-पाच ताठ तंतू. मग दोऱ्याला सशाची बारीक लव चोळून त्याचं अंग. आणि शेवटी जीव म्हणजे हॅकल : कोंबड्याच्या मानेवरचं लांब, अरुंद, चकचकीत पीस. त्याचं टोक चिमट्यात धरून गळाभोवती चार-पाच फेरे घ्यायचे, की तंतू चाकाच्या आऱ्यांसारखे चहूबाजूंना उभे राहतात. माशी पाण्यावर राहते ती या तंतूंच्या टोकांवर. पृष्ठताणाचा धडा नववीत वाचला होता. तो खरा असल्याचं इथे पटलं. माझी पहिली माशी मात्र नेढ्यासकट दोऱ्यानं बुजली होती. मास्तर म्हणाले, "हॉलला वाईट वाटलं असतं."

हॅकल ताठ हवं, कारण मऊ पीस पाणी पितं. त्यामुळे माशीचा इतिहास हा निम्मा कोंबड्यांचा इतिहास आहे. १८९० साली हॅलफर्डनं अमेरिकेतल्या थिओडोर गॉर्डनला पत्रासोबत आपल्या माश्यांचे नमुने पाठवले. गॉर्डन न्यूयॉर्क राज्यात कॅट्सकिल डोंगरातल्या नेव्हरसिंक नदीवर एकटा राहायचा, प्रकृतीनं तोळामासा. त्याच्या लक्षात आलं, की इंग्लंडच्या संथ पाण्यासाठी बांधलेल्या माश्या इथल्या खळाळात टिकत नाहीत आणि इथले कीटकही वेगळे. त्यानं नक्कल न करता तत्त्व उचललं आणि स्वतःच्या माश्या बांधल्या. पुढे त्याच डोंगरात हॅरी आणि एल्सी डार्बी या जोडप्यानं माश्या बांधून पोट भरलं आणि हवा तसा निळसर-राखाडी रंग मिळावा म्हणून कोंबडे पाळले. पिढ्यान् पिढ्या निवड करत गेलेल्या अशा कोंबड्यांची पिसं आज फूटभर लांब असतात. २०११ साली ही पिसं केसांत माळायची फॅशन अमेरिकेत अचानक आली. सलूनवाल्यांनी दुकानं रिकामी केली आणि मासेमार हात चोळत बसले.

पिसांच्या या गोष्टीत आपला सह्याद्रीही आहे, आणि तो भाग अभिमानाचा नाही. राखाडी रानकोंबड्याच्या मानेवर मेणाचे ठिपके असल्यासारखी पिसं असतात. ती कोरड्या माशीच्या कामाची नाहीत, पण साल्मनच्या नटव्या माश्यांसाठी व्हिक्टोरियन काळात त्यांना मोठी मागणी होती. १९०२ साली ब्रिटिश सरकारनंच भारतातून रानपक्ष्यांची पिसं निर्यात करायला बंदी घातली. कोयनेच्या जंगलात पहाटे ज्याची बांग ऐकली, तोच पक्षी दुकानातल्या जुन्या माशीच्या गालावर चिकटलेला पाहिला, तेव्हा काही क्षण बोलवेना.

मी शेवटी ज्या माशीवर स्थिरावलो ती आहे ॲडम्स. १९२२ साली मिशिगनमधल्या लेन हॅलडेनं चार्ल्स ॲडम्स या मित्रासाठी बांधली. करडं अंग, तपकिरी आणि करड्या पट्ट्यांचं मिसळलेलं हॅकल. गंमत अशी, की ती नेमक्या कुठल्याच कीटकासारखी दिसत नाही. थोडी याच्यासारखी, थोडी त्याच्यासारखी. हॅलफर्डच्या तेहतीस हुबेहूब नकला आज फार थोड्यांच्या डबीत सापडतील. ॲडम्स जगभर जवळजवळ प्रत्येक डबीत असते. हॅलफर्डनं कीटक वरून, माणसाच्या डोळ्यांनी पाहिला होता. मासा खालून पाहतो. पाण्याखालून बाहेरचं जग साधारण ९७ अंशांच्या एका गोल खिडकीतूनच दिसतं, बाकी पृष्ठभाग म्हणजे आरसा. त्या आरशावर त्याला आधी दिसतात ते हॅकलच्या टोकांनी पाडलेले प्रकाशाचे खळगे. रंग नंतर.

*

मे महिन्यात मास्तर मला टेस्टच्या एका छोट्या उपनदीवर घेऊन गेले. मुख्य टेस्टच्या नामांकित पट्ट्यांवर एका दिवसाला शेकडो पाउंड मोजावे लागतात. ते त्यांना आयुष्यात परवडले नव्हते, मलाही नव्हते. संध्याकाळी साडेसातला एका वाकलेल्या विलोखाली वर्तुळ उठलं. अकराव्या प्रयत्नाला ॲडम्स ड्रॅग न लागता वाहत गेली आणि एका छोट्या आवाजासह नाहीशी झाली. विताहून थोडा मोठा ब्राउन ट्राउट. सोनेरी पोट, लाल ठिपके. हात ओला करून धरला, गळ काढला, सोडला. गेला.

परतताना मास्तर पुलावर थांबले. त्यांच्या लहानपणी, म्हणाले, मे महिन्यात या पुलावर दिव्याभोवती मेफ्लायचे ढग असायचे, काचा पुसाव्या लागायच्या. आता एक-एक मोजता येतो. जगात चॉकच्या अशा नद्या दोनशेच्या वर फार नाहीत आणि त्यातल्या बहुतेक, साधारण ८५ टक्के, इंग्लंडमध्ये आहेत. शहरांसाठी जमिनीखालचं पाणी उपसलं जातं, शेतांतली खतं आणि गाळ उतरतो, सांडपाणी सोडलं जातं. वरची माशी की खालची माशी, या भांडणात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली होती : नदीत माशी असेल.

घरी आल्यावर बाबांना व्हिडिओ कॉल केला. फोटो दाखवला.

"छान आहे. खाल्लास?"

"सोडला."

"सोडायचाच होता तर धरलास कशाला?"

याचं चांगलं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, अजूनही नाही. माशाला खेळ कळत नाही, हे मला कळतं. मी विषय बदलला आणि स्क्यूजची गोष्ट सांगितली. चमचा, बशी, वादसभा, नदी सोडणं. बाबा बराच वेळ गप्प होते. मला वाटलं नेटवर्क गेलं.

मग म्हणाले, "एक मुलगा होता माझ्या वर्गात. मागच्या बाकावर बसायचा. चाचणीत त्याचं उत्तर बरोबर होतं, पण पायऱ्या नव्हत्या. स्वतःच्या डोक्यानं काहीतरी भलतंच करून आणलं होतं. मी शून्य दिलं. म्हटलं, हॉलच्या पद्धतीनं करून आण. तो आणायला आलाच नाही. नंतर एकदा सवडीनं बसलो, त्याचं ते भलतंच तपासलं. बरोबर होतं. आपल्यापेक्षा सोपं होतं."

"मग?"

"मग काय. तोवर तो शाळा सोडून गेला होता."

दिवाळीला घरी गेलो तेव्हा मी बांधलेली एक ॲडम्स त्यांच्यासाठी नेली. पान फाटू नये म्हणून गळाचा काटा पकडीनं दाबून सपाट केला होता. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, माशी डोळ्यांपाशी नेली. पिसांकडे बघितलंच नाही. नेढं बघितलं. मग पुस्तक उघडलं, चहाच्या डागाचं पान काढलं, आणि ती तिथे ठेवून दिली.